मोजणीला आलात तेव्हा माणसं फडात होती

प्रति,
मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त, भारत, नवी दिल्ली
मा. संचालक, जनगणना कार्य, महाराष्ट्र, मुंबई

महोदय,

सोळा वर्षांनी जनगणना होते आहे. घरांची यादी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये आणि माणसांची मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत, १ मार्च हा संदर्भदिन धरून. दिल्लीत बसून पाहिलं तर या तारखांत खोड काढण्यासारखं काही नाही. फेब्रुवारीत पाऊस नसतो, ऊन तापलेलं नसतं, शाळा चालू असल्यामुळे मास्तर हाताशी असतात. हिमालयातल्या बर्फाळ मुलखाची अडचण तुम्ही ओळखलीत आणि तिथली मोजणी आधीच, १ ऑक्टोबर २०२६ हा दिवस धरून उरकायचं ठरवलंत. बर्फासाठी वेगळी तारीख काढावी लागते हे ज्या कचेरीला कळतं, तिला उसासाठीही काही वेगळं करावं लागतं हे पटवता येईल, या भरवशावर हे पत्र लिहितो आहे.

मी बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त आहे. बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यात जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा आणि विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवणाऱ्या. त्यामुळे पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज आणि शेजारच्या पाथर्डीतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरतात. नवरा-बायको, अंगावरचं पोर, चार भांडी, पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, जमलं तर एखादी शेळी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, नगर आणि पुढे कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत ही माणसं ऊस तोडायला जातात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की पाडव्याच्या आगेमागे परततात. किती जातात? आठ लाखांपासून बारा-चौदा लाखांपर्यंत आकडे कानावर येतात. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांत चार ते सहा लाख माणसांचं अंतर असेल, तर त्याला अंदाज म्हणणंही धाडसाचं आहे.

आता तुमच्या दोन टप्प्यांकडे पाहा. एप्रिल ते सप्टेंबर आमची माणसं गावात असतात, तेव्हा तुम्ही घरं मोजता. फेब्रुवारीत माणसं मोजता, तेव्हा त्या घरांना कुलूप असतं. आणि जिथे ती फेब्रुवारीत राहतात त्या कोप्या, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपड्या, तुमच्या घरयादीत येणारच नाहीत. घरयादी झाली तेव्हा त्या जागी कोपी नव्हतीच, नांगरलेलं रान होतं. प्रगणकाला नवीन घर दिसलं तर नजरी नकाशात भर घालायची मुभा असते, हे मला ठाऊक आहे. पण त्याला ते दिसलं पाहिजे. टोळी पहाटे चारला फडात जाते. बायका मोळ्या वाहून अंधार पडल्यावर कोपीवर येतात. गाडीवान बैलांसकट कारखान्याच्या आवारात, वजनकाट्याच्या रांगेत रात्र काढतो. शाळा सुटल्यावर मोबाईल घेऊन निघालेल्या मास्तरांना कोपीपाशी भेटलीच तर लहान भावंडं सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी भेटेल. घरबसल्या स्वतःची नोंद स्वतः करण्याची जी नवी सोय तुम्ही केली आहे, तिच्याबद्दल मी इथे काही बोलत नाही.

२०११ मध्ये मी प्रगणक होतो. ९ ते २८ फेब्रुवारी. गावात म्हातारी माणसं होती आणि म्हाताऱ्यांवर सोपवलेली शाळकरी पोरं होती. बाकी दारांपुढे बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. तुमचा नियम स्पष्ट होता: मोजणीच्या सबंध काळात जो गावात नसेल, त्याचं नाव तिथे मांडायचं नाही, तो जिथे असेल तिथला प्रगणक त्याला मांडेल. नियम योग्यच आहे, नाहीतर एक माणूस दोनदा मोजला जाईल. मी तो पाळला. एका म्हातारीने मला धरलं. "गुर्जी, लेकाचं नाव मांडा की. मेलाय का त्यो?" मी तिला समजावलं की तो कारखान्याकडे आहे, तिथले गुरुजी मांडतील. ती म्हणाली, "तिथं कोण वळखतंय त्याला?"

कारभाराच्या दृष्टीने म्हातारीचं म्हणणं तंतोतंत होतं. नियम तिथल्या प्रगणकावर अवलंबून होता आणि त्या प्रगणकाच्या लेखी गावाची हद्द घरयादीवर संपत होती. बरं, कोपीत राहणाऱ्याला तुम्ही बेघरांतही धरू शकत नाही. बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री होते. फूटपाथ, पुलाखाली, रेल्वे फलाट. आमच्या माणसाला तर घर आहे, कुलूप लावलेलं. ज्या घराला कुलूप तिथे तो नाही, आणि जिथे तो आहे ती जागा कागदावर घर नाही.

तरीही या माणसांची मोजणी होतच नाही असं नाही. ती इतकी काटेकोर होते की तुमच्या कचेरीलाही तसं जमणार नाही. मुकादमाची वही उघडून पाहा. टोळीत किती कोयते, म्हणजे किती जोडपी. अर्धा कोयता, म्हणजे एकटा, कोण. कुणाला किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली, त्यातली किती फिटली. कुणाचे किती खाडे झाले आणि त्यापोटी किती कापायचे, सगळं लिहिलेलं असतं. कारखान्याचा त्या मुकादमाशी किंवा वाहनमालकाशी करार झालेला असतो. शेती खात्याच्या गट ऑफिसात कोणती टोळी कोणत्या शिवारात आहे याची रोजची खबर असते, कारण उद्याचं गाळप त्यावर ठरतं. कारखान्याचा चिटबॉय रोज फडावर जातो. म्हणजे माहिती आहे. ती ज्यांना पैसे वसूल करायचे आहेत त्यांच्याकडे आहे आणि ज्यांना देशाचं चित्र काढायचं आहे त्यांच्याकडे नाही.

तुम्ही म्हणाल, हा एका जिल्ह्याचा आणि एका पिकाचा प्रश्न झाला. तालुक्याच्या चार्ज अधिकाऱ्यांना सूचना देऊ. तेवढ्यावर माझं समाधान होणार नाही, कारण मला यात तुमच्या सबंध खात्याचा एक जुना समज दिसतो. माणूस मुळात एका जागी असतो आणि हलला तर अपवाद म्हणून हलतो, हा तो समज. आपल्या देशाबद्दल आणि निदान माझ्या राज्याबद्दल तरी तो खोटा आहे, आणि हे तुमच्याच जुन्या तक्त्यांवरून दाखवता येतं.

१९२१ ची मुंबई घ्या. त्या जनगणनेत शहरातल्या दर सहा माणसांतली पाच मुंबईबाहेर जन्मलेली निघाली. सगळ्यांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा, मग घाटावरचे सातारा-पुणे, आणि गुजरात, उत्तर हिंदुस्थान. परळ-लालबागच्या खोल्यांतून पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार, खानावळी चालवणाऱ्या बाया, भाऊच्या धक्क्यावर शिमग्या-गणपतीला बोटीत शिरणारे चाकरमानी. ज्या शहराला आपण मराठी माणसाचं म्हणतो आणि ज्याच्यासाठी फ्लोरा फाउंटनला माणसांनी गोळ्या झेलल्या, ते शहर आपलं आहे असं सांगणारे बहुतेक जण तिथे जन्मलेलेसुद्धा नव्हते. ते तिथे येऊन राबले होते, आणि त्यांचा हक्क त्या राबण्यातून आला होता. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ज्यांच्या शाहिरीने पेटली ते तिघे पाहा: वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबई गाठलेले अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख, निपाणीकडचे गव्हाणकर. अण्णाभाऊंनी 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लिहिली तेव्हा पोटासाठी मुंबईत आलेल्या माणसाचा विरहच त्यांनी राज्याबाहेर राहिलेल्या मुलखाच्या दुःखाला वापरला. स्थलांतरिताच्या घरगुती दुःखातून एका राज्याने आपल्या नकाशाची तक्रार मांडली. १ मे १९६० ला जे राज्य झालं, त्याची भावना अशा लोकांनी घडवली होती ज्यांच्या जनगणनेच्या कागदावर जन्मठिकाण एक आणि राहण्याचं ठिकाण दुसरं होतं.

त्याच माणसांच्या पुढच्या पिढीने काही वर्षांतच आधी दक्षिणेकडून आणि मग उत्तरेकडून येणाऱ्यांना परके ठरवलं, याची मला गंमत वाटत नाही, पण आश्चर्यही वाटत नाही. आधी डब्यात चढलेला नंतर येणाऱ्याला दारातच अडवतो, हे आपण लोकलमध्ये रोज पाहतो.

परक्यांवरचा हा वाद महाराष्ट्रात अजून पेटतो, आणि त्याला लागणारं सरपण तुमच्या खात्याच्या दिरंगाईतून मिळतं, असं मी म्हटलं तर राग मानू नका. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी माणसं स्थलांतरित म्हणून नोंदली गेली, म्हणजे शंभरातली सदतीस. त्यातली महाराष्ट्रात सर्वांत जास्त, ५ कोटी ७० लाखांच्या घरात. पण या ५ कोटी ७० लाखांत दुसऱ्या राज्यांतून आलेले ९० लाखांच्या आसपास होते. उत्तर प्रदेशातून साडेसत्तावीस लाख, बिहारमधून पावणेसहा लाखांच्या आत. सहातला एक बाहेरचा, उरलेले जवळजवळ सगळे महाराष्ट्रातच इकडून तिकडे गेलेले. यात लग्न होऊन शेजारच्या गावी नांदायला गेलेल्या बायाही आल्या; त्यांच्याकडे मी पुढे येतोच. हे आकडे लोकांपुढे असते तर वाद थांबला असता असं मी म्हणणार नाही, वादाला आकड्यांची फारशी भूक नसते. पण निदान प्रामाणिक माणसाला हातात धरायला काहीतरी मिळालं असतं. स्थलांतराचे तपशीलवार तक्ते बाहेर यायला २०१९ साल उजाडलं. आठ वर्षं. त्यानंतर पुढची जनगणनाच लांबली. आज माझ्या जिल्ह्यात कुणी वर्तमानपत्रात 'परप्रांतीयांचे लोंढे' असा मथळा दिला, तर त्याला खोडून काढायला किंवा दुजोरा द्यायला माझ्याजवळ पंधरा वर्षांपूर्वीचा कागद आहे.

आणि लोंढे एकाच दिशेने वाहत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडे, खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात जा. तिथल्या गावागावांतून माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली आहेत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे हे लोक तमिळनाडूत, केरळात, उत्तर प्रदेशात, पंजाबात सराफकट्ट्यामागच्या गल्लीत भट्टी लावून बसतात. मुलं तिथल्या शाळेत तिथली भाषा शिकतात आणि यात्रेला गावी येतात तेव्हा आपसांत तमिळ किंवा मलयाळम बोलतात. कोईमतूरच्या माणसाला ते परप्रांतीयच. २०११ मध्ये ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली, त्यातले ५५ लाखांहून जास्त महाराष्ट्राबाहेर होते. इंदूर-बडोद्याचे जुने रहिवासी त्यात आहेत, सीमाभागातले आहेत, तंजावरला व्यंकोजीराजांमागे गेलेल्यांचे वंशज आहेत आणि हे भट्टीवालेही आहेत. आपल्या भाषेच्या अभिमानात यांना आपण मोजतो. मग नालासोपाऱ्यात भोजपुरी बोलणाऱ्याला मोजताना आपला हिशेब का बदलतो, हा प्रश्न तुमच्यासाठी नाही, माझ्या राज्यातल्या पुढाऱ्यांसाठी आहे. तुमच्याकडून मला फक्त दोन्हीकडचे आकडे एकाच वेळी हवे आहेत.

कोकणाचं उदाहरण तर तुमच्या खात्याने भिंतीवर लावावं असं आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या अठरा कोटींनी वाढली आणि रत्नागिरीची सुमारे ८२ हजारांनी घटली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया निघाल्या. ही स्त्रियांची संख्या वाढल्याची खूण नाही, पुरुष मुंबईत असल्याची आहे. आणि तो रिकामा झालेला मुलूख रिकामा राहिला का? हंगामात रत्नागिरीच्या आंब्याच्या बागेत जा, राखणीला नेपाळी माणूस आहे. मच्छीमार बोटीवर जा, खलाशी नेपाळी आहे. राजापूरचा माणूस लालबागेत, पश्चिम नेपाळचा माणूस राजापुरात. देवगड हापूसची पेटी वाशीच्या बाजारात पोचते तेव्हा ती आपल्या मातीची म्हणून पोचते, पण तिला रात्री जागून कुणी राखलं हे पेटीवर छापलेलं नसतं. हेही लोक फेब्रुवारीत तिथेच असणार आहेत, बागेतल्या मांडवात. त्यांनाही घरक्रमांक नसेल.

आता लग्न करून आलेल्या बाया.

तुमच्या प्रश्नावलीला मी नावं ठेवत नाही, उलट तिचा मला आदर आहे. इंग्रजांच्या काळात जन्मठिकाण विचारलं जाई. १९५१ मध्ये फाळणीने उखडलेल्यांची वेगळी नोंद झाली, ७२ लाखांहून अधिक माणसं. मुंबईच्या शेजारच्या उल्हासनगरसारखी शहरंच त्यांतून उभी राहिली. १९७१ मध्ये 'याआधी कुठे राहत होता' हा प्रश्न आला, १९८१ मध्ये 'का हललात' हे विचारायला सुरुवात झाली. कारणांच्या यादीत 'जन्मानंतर हलले' असा एक रकाना आहे. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते, बाळ आजोळी जन्मतं आणि सव्वा महिन्याने बापाच्या घरी येतं, म्हणून कागदोपत्री ते स्थलांतरित ठरतं. हे ध्यानात घेऊन ज्याने हा रकाना घातला, त्याने आपल्या देशातलं घर आतून पाहिलेलं होतं. तशीच नजर आणखी एका ठिकाणी हवी आहे.

स्त्रियांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण 'विवाह' हे निघतं आणि अभ्यासक ते घरगुती कारण म्हणून बाजूला सारतात. ऊसतोडीत पाहा काय होतं. उचल मिळते ती जोडप्याला, कारण तोडायला एक आणि मोळी बांधून वाहायला एक लागतो. पोराच्या लग्नाची घाई होते ती कोयता पूर्ण व्हावा म्हणून, आणि त्या घाईत पोरगी अठराची झाली का हे पाहायला कुणी थांबत नाही. ती सासरी येते तेव्हा तुमचा कागद म्हणतो, कारण: विवाह. ती फडावर जाते तेव्हा कागद म्हणतो, कारण: कुटुंबासोबत. तिने डोक्यावरून वाहिलेला ऊस टनांत मोजला जातो, पावती निघते ती गाडीच्या नंबरावर आणि हिशेब होतो नवऱ्याच्या नावावर. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, सरकारने समिती नेमली, सर्वेक्षण करवलं. म्हणजे तिचं गर्भाशय गेल्यावर सरकारने तिला मोजलं. प्रगणकांना प्रशिक्षण देताना एवढं सांगा की हललेल्या बाईला कारण तिलाच विचारावं, आणि तिला मजुरी मिळत असेल किंवा तिच्या मजुरीवर उचल घेतली गेली असेल तर 'काम' हे कारण मांडावं.

२०२० ची आठवण करून दिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या लोकांचा हंगाम संपत आला होता. कितीतरी टोळ्या कारखान्यांवर अडकून पडल्या आणि परत आल्यावर गावाबाहेर शाळांत राहिल्या. ८ मे रोजी जालन्याहून भुसावळकडे रुळावरून चालत निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. सबंध देशाने पहिल्यांदाच पाहिलं की आपली शहरं कुणाच्या पायांवर उभी होती. आणि प्रश्न आला: किती आहेत ही माणसं? त्याआधी २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत तज्ज्ञांनी रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून हिशेब मांडला होता की दरवर्षी सुमारे ९० लाख लोक कामासाठी एका राज्यातून दुसऱ्यात जातात. युक्ती चांगलीच होती. पण जगातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या जनगणनांपैकी एक चालवणाऱ्या देशाला आपली माणसं तिकिटांच्या अर्धुकांवरून ओळखावी लागली. त्या सप्टेंबरात संसदेत विचारलं गेलं तेव्हा घरी परतताना किती मजूर दगावले याची माहिती सरकारजवळ नव्हती. पुढे ई-श्रम पोर्टल आलं, त्यावर कोट्यवधींची नोंद झाली. ती असंघटित कामगाराची नोंद आहे. तो फेब्रुवारीत कुठे असतो हे ती सांगत नाही.

हे सगळं या खेपेला जास्त महत्त्वाचं का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या आकड्यांवर गोठलेली आहे आणि घटनेच्या ८४ व्या दुरुस्तीप्रमाणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ती तशीच राहायची होती. ती जनगणना हीच. रेशनच्या लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या मोजणीवर बेतलेली आहे, ती पुढेमागे याच मोजणीवर बदलेल. शाळेची पटसंख्या, आरोग्य उपकेंद्र, पाण्याची योजना, सगळ्यांच्या मुळाशी हा आकडा. पाटोद्याचा माणूस जर कागदोपत्री कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळमध्ये धरला गेला, तर पाटोद्याचं उपकेंद्र लहान होणार आणि शिरोळचं त्याच्यासाठी मोठं होणार नाही, कारण एप्रिलमध्ये तो तिथे नसतो. आणि तो कुठेच धरला गेला नाही, तर दोन्हीकडे काहीच नाही. मताच्या वेळी मात्र त्याचा ठावठिकाणा सगळ्यांना सापडतो. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, तेव्हा गाळप हंगाम मतदानाआधी सुरू करावा की नंतर, यावर केवढी चर्चा झाली. फडातला माणूस गावी आणायला तेव्हा गाड्या होत्या. तुम्हाला गाड्या लागणार नाहीत, तुमचा प्रगणक फडाकडे गेला तरी पुरे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. ऊसपट्ट्यातल्या तालुक्यांत जानेवारीच्या शेवटी तात्पुरत्या वस्त्यांची एक पुरवणी घरयादी करा: कोप्या, वीटभट्ट्या, बागेतले मांडव. काम एका आठवड्याचं आहे. कारखान्याच्या गट ऑफिसाकडून टोळ्यांचा ठावठिकाणा घ्या, मोजणी संध्याकाळी सातनंतर ठेवा आणि वजनकाट्यावर एक प्रगणक रात्री बसवा. 'सहा महिन्यांपेक्षा कमी काळ' राहणाऱ्यांचे तक्ते तालुकावार वेगळे काढा आणि त्यांत मूळ तालुकाही दाखवा, म्हणजे शिरोळमध्ये मोजलेला माणूस पाटोद्याच्या योजनाकारालाही दिसेल. नंदुरबार-धुळ्याहून बार्डोलीकडे तोडीला जाणारे भिल्ल मजूर गुजरातच्या कागदावर येणार आहेत. तिथल्या प्रगणकाला भिली कळत नसेल तर त्यांची मातृभाषा गुजराती होऊन जाईल, एवढं तिथल्या संचालकांच्या कानावर घाला. आणि स्थलांतराचे तक्ते या वेळी २०२९ संपायच्या आत प्रसिद्ध करा. मोजणी मोबाईलवर होणार असल्याने कागद वाचायला वेळ लागला, ही सबब आता राहिलेली नाही.

माझी विनंती मान्य करायला कायदा बदलावा लागत नाही. राज्याची मंत्री समिती दरवर्षी हंगामाआधी बसते आणि गाळप कधी सुरू करायचं ते ठरवते. त्यानंतर साखर आयुक्तालयातून कारखान्यांना गाळप परवाने सुटतात. परवान्याला अटी असतातच. आपल्या शिवारात उतरलेल्या टोळ्यांची, त्यातल्या बायामुलांसकट यादी डिसेंबरअखेर तहसीलदाराकडे द्यावी, ही अट त्यांत एका ओळीत मावते. या खेपेच्या बैठकीला जनगणना संचालकांनी एक खुर्ची मागून घ्यावी. बैठकीची तारीख आयत्या वेळी ठरते आणि आमच्याकडे उचल तर त्याच्या कितीतरी आधी वाटून झालेली असते, तेव्हा पत्रव्यवहार गणपतीच्या आतच सुरू झालेला बरा.

आपला,
एक माजी प्रगणक
तालुका पाटोदा, जिल्हा बीड

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी:
मा. साखर आयुक्त, साखर संकुल, पुणे